गाडी कोण चालवत होतं?

आमच्या मोठ्या जाऊबाईंना सगळे क्लचबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते माहीत आहे आणि मनातून आवडतंही. शिकायला आलेल्या माणसाचा पाय क्लचवरून घाईने सुटला की गाडी गचके खात बंद पडते. मग जाऊबाई खिडकीबाहेर बघत, जणू बाहेरच्या झाडालाच सांगतायत अशा शांतपणे म्हणतात, "क्लच, बाई, क्लच." शिकणारा बाप्या असला तरी 'बाई'च म्हणतात. एका निवृत्त हेडमास्तरांनाही म्हणाल्या होत्या. हेडमास्तरांनी मुकाट्याने क्लच दाबला.

मी त्यांची धाकटी जाऊ. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचा फोन, वेळापत्रक आणि भांडणं ही खाती माझ्याकडे, शिकवणं त्यांच्याकडे. ही वाटणी सासऱ्यांनी करून दिलेली. मी सून म्हणून आले तेव्हा त्यांनी मलाही शिकवायला घेतलं होतं. पण मी आमच्याच फाटकाला गाडी ठोकल्यावर म्हणाले, "सूनबाई, तुझं तोंड चांगलं चालतं, तू फोन सांभाळ." तेव्हापासून सांभाळते आहे. गाडी मला आजही येत नाही.

स्कूल म्हणजे फार मोठं काही नाही. घराच्या तळमजल्यावरची रस्त्याकडची खोली, तिच्यात एक टेबल, एक बाक आणि भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता. खिडकीजवळची चिन्हं उन्हाने इतकी उडाली आहेत की 'थांबा' काय आणि 'प्रवेश बंद' काय, दोन्ही सारखीच दिसतात. दाराशी एक पांढरी छोटी गाडी, टपावर पाटी. ब्रेक दोन, क्लच दोन. एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरी शेजारी जाऊबाईंच्या पायाखाली. मोठे दीर आता नाहीत, माझ्या यजमानांची कंपनी बंद पडली, तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या ताटात जे पडतं ते त्या पेडलांवरच.

सासऱ्यांचा एक नियम होता आणि जाऊबाईंनी तो जपमाळेसारखा धरून ठेवलेला. शिकणारा माणूस गाडी चालवत नसतो, तो शिकत असतो. गाडी चालवतो तो शेजारचा. म्हणून काहीही झालं, कुणाला घासली, कुणी काच खाली करून शिव्या दिल्या, पोलीस आला, तरी पुढे व्हायचं ते शिकवणाऱ्याने. शिकणाऱ्याकडे बोट जाऊ द्यायचं नाही. त्याच्या मनात एकदा भीती बसली की ती काढायला पेडल नाही, असं सासरे म्हणत. मी फाटक मोडलं तेव्हा जमलेल्या शेजाऱ्यांना त्यांनी खुशाल सांगितलं होतं, "मी ठोकली. चष्मा घरी राहिला." हा नियम मला तेव्हाही आवडला होता आणि आजही आवडतो. पण त्याने आमची केवढी तारांबळ उडवली ते सांगायला मी बसले आहे.

चौकात औषधांचं दुकान आहे. नवरा-बायको दोघं मिळून चालवतात. त्यांतल्या वहिनी पन्नाशी ओलांडल्यावर आमच्याकडे गाडी शिकायला आल्या. कारण होतं औषधवाल्यांचे डोळे. आतला पडदा हळूहळू खराब होत चालला होता आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की गाडी आता दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. दुसरं होतं कोण? मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. दुकान एका टोकाला, घर दुसऱ्या टोकाला, आणि वाटेत अंथरुणाला खिळलेल्या माणसांना औषधं पोचवायची. ते काम त्यांनी कधी सोडलं नव्हतं. तेव्हा वहिनीच पदर खोचून उभ्या राहिल्या. आयुष्यात कधी सायकलही चालवली नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी स्टिअरिंग असं काही गच्च धरलं की जाऊबाईंना एकेक बोट सोडवावं लागलं.

जाऊबाईंचा त्यांच्यावर जीव जडला. रोज घरी येऊन सांगायच्या, आज वहिनींनी गिअर न बघता टाकला, आज उलटी गाडी घेतली, आज हॉर्न वाजवल्यावर स्वतःच दचकल्या. मी म्हणायचे, पोटच्या पोरीचं इतकं कौतुक केलं नसेल तुम्ही.

आणि मग तो दिवस आला. बाजाराच्या वाटेवरचा सिग्नल लाल झाला आणि वहिनींनी गाडी थांबवली. गचका नाही, घाई नाही, पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे अगदी अलगद. जाऊबाईंना शेजारचा ब्रेक दाबावासुद्धा लागला नाही. "छान," म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी मागून एक डिलिव्हरी व्हॅन येऊन आदळली.

व्हॅनवाला भला माणूस. पळाला नाही, हुज्जत घातली नाही. उतरून हात जोडून उभा राहिला. "ताई, चूक माझीच. पत्ता शोधत होतो, लक्ष नव्हतं." वाहतूक पोलीस आला. वहिनी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होत्या. पोलिसाने गाडीत न डोकावताच वही काढली आणि विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

"मी," जाऊबाई म्हणाल्या.

वहिनी उतरून काही बोलणार होत्या, पण जाऊबाईंनी त्यांचा हात दाबला आणि म्हणाल्या, "तुम्ही पाणी प्या आधी." पुढे विमा कंपनीच्या फोनवरही तोच प्रश्न आला आणि त्यांनी तेच उत्तर दिलं. खोटं बोलतो आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं. श्वास घ्यावा तितक्या सहजपणे त्या 'मी' म्हणाल्या होत्या.

मागचा बंपर, एक दिवा, डिकीचं झाकण. खर्च व्हॅनवाल्याच्या कंपनीने उचलला. गॅरेजवाल्याने गाडी ओळखू येणार नाही अशी चकचकीत करून दिली. जाऊबाईंची मान काही दिवस वळत नव्हती आणि पुढेही अधूनमधून दुखायची, तेवढंच. वहिनींचा मात्र फोन आला, दुकानात सध्या फार गडबड आहे, क्लास थोडे दिवस राहू दे. मी वेळापत्रकातून त्यांची सकाळची वेळ काढून टाकली. असं होतंच, घाबरलेलं माणूस परत यायला वेळ घेतं, असं आम्ही धरून चाललो.

मग आला विमा रिन्यू करायचा महिना. दरवर्षी मी ते काम चहाचा कप हातात धरून करते. या वर्षी कागद उघडला आणि चहा थंड झाला. हप्ता चांगलाच वाढला होता आणि इतकी वर्षं एकही क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट गायब.

फोन लावला. आधी बासरी वाजली. मग एक आवाज म्हणाला, आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे. मग पुन्हा बासरी. ती बासरी वाजवणारा मला कुठे भेटला तर काय करीन ते सांगता येत नाही. शेवटी एक मॅडम आल्या. आवाज गोड, थकलेला.

"मॅडम, आमची गाडी उभी होती," मी म्हणाले.

"हो मॅडम, आमच्याकडे तशीच नोंद आहे."

"मागून धडकले ते."

"हो. तुमची चूक शून्य टक्के लिहिली आहे."

"मग हप्ता का वाढला?"

"कारण अपघाताची नोंद आहे."

"अहो, पण शून्य टक्के!"

"हो मॅडम. शून्य टक्के चुकीची नोंद आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी विचारलं, उद्या रस्त्याने जाताना मला कुणी ढकललं तर मी पडल्याबद्दल दंड भरायचा का? त्या म्हणाल्या, मॅडम, ज्या गाडीला एकदा धडक बसते तिला पुन्हा बसण्याची शक्यता जास्त धरतात, दर त्यावर ठरतात. मी म्हटलं, म्हणजे आमच्या गाडीच्या पाठीवर काय 'या, आदळा' असं लिहिलंय? जाऊबाई दारातून हातानेच 'हळू, हळू' करत होत्या. मी हळू घेतलं नाही. वरिष्ठांना द्या म्हटलं, लेखी द्या म्हटलं, शाळेत पाढे म्हणावे तसं सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं.

माझ्या भांडणाचा उपयोग एवढाच झाला की कुणीतरी आमची फाइल नीट उघडून वाचली. आणि त्यातून भलतंच निघालं.

दोन दिवसांनी त्याच मॅडमचा फोन आला. या वेळी आवाजात गोडवा कमी होता. व्हॅनवाल्याने त्याच्या कंपनीला जे सांगितलं होतं ते त्यांच्या हाती आलं होतं. त्या प्रामाणिक माणसाने पाहिलं ते जसंच्या तसं सांगून टाकलं होतं: पुढच्या गाडीत चालकाच्या जागेवर एक बाई रडत होत्या, शेजारच्या सीटवरच्या बाई उतरून माझ्याशी बोलल्या. आणि आमच्या जाऊबाई म्हणाल्या होत्या, मी चालवत होते.

"दोन्ही खरं कसं असेल, मॅडम?" त्यांनी विचारलं.

त्यांनी समजावून सांगितलं, अगदी व्यवस्थित. गाडी जी व्यक्ती खरोखर चालवत होती तिने स्वतः जबाब द्यायचा. महिना संपायच्या आत तो मिळाला नाही, तर कंपनीला चुकीची माहिती दिली असा शेरा बसेल आणि पॉलिसी रिन्यू होणार नाही. हा शेरा असलेल्या गाडीला दुसरी कंपनी दारात उभं करत नाही. विमा नाही म्हणजे गाडी रस्त्यावर नाही, आणि स्कूलचा परवाना त्या गाडीवर. सगळं एका दोरीत ओवलेलं.

"आणि मॅडम," त्या जाता जाता म्हणाल्या, "शिकणारी व्यक्ती चालवत असली तरी तुमच्या पॉलिसीत चालतंच की. ड्रायव्हिंग स्कूलचीच पॉलिसी आहे ती. आधीच खरं सांगितलं असतं तर प्रश्नच नव्हता."

फोन ठेवून मी जाऊबाईंना सगळं सांगितलं. त्या बाकावर बसून गाडीच्या आरशाचा स्क्रू आवळत होत्या.

"मी खोटं काय बोलले?" त्यांनी विचारलं.

"वहिनी चालवत होत्या."

"वहिनी शिकत होत्या. चालवत मी होते."

"जाऊबाई, कंपनीला आपले सासरे माहीत नाहीत!"

"मग सांगू या."

आणि खरंच त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः फोन केला. बासरी शेवटपर्यंत ऐकली, तक्रार न करता. मग त्या मॅडमना सासऱ्यांचा नियम पहिल्यापासून सांगितला. दोन जोड्या पेडल का असतात, शिकणाऱ्याच्या मनात भीती बसली की काय होतं, सगळं. मग मॅडम हळूच म्हणाल्या, "मॅडम, पटतंय मला. पण आमच्याकडे चालकासाठी जागा एकच आहे."

वहिनींना जबाब द्यायला सांगा, एवढंच करायचं होतं. चौकापर्यंत चालत जायचं, दोन वाक्यं बोलायची. पण जाऊबाईंनी साफ नकार दिला. "बिचारी आधीच हादरली आहे. आता अपघाताच्या कागदावर तिचं नाव घालू? पुन्हा स्टिअरिंगला हात लावेल का ती? गाडी बंद पडली तर पडू दे." मी म्हटलं, आणि आपण सगळ्यांनी काय वारा खायचा? त्या उठल्या. आरसा घेऊन बाहेर गेल्या आणि गाडीत नुसत्याच बसून राहिल्या. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती. राग आला होता मला, पण त्या पाठीकडे बघून रडूही येत होतं. उभं आयुष्य त्या सीटवर काढलं होतं त्यांनी. त्या सीटशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि नकोही होतं.

शेवटी मीच गेले. त्यांना सांगितलं, तुमच्या मानेला मलम आणते. ते काही खोटं नव्हतं.

औषधांच्या दुकानाबाहेर त्यांची गाडी अर्धी फूटपाथवर चढवलेली होती आणि तिच्या डाव्या बाजूला नवे ओरखडे होते. मला गाडी येत नाही, पण ओरखडे वाचता येतात. म्हणजे औषधवाले अजून स्वतःच चालवत होते. आत ते चिठ्ठी दिव्याच्या अगदी जवळ धरून नाव वाचायची धडपड करत होते. वहिनींनी न बोलता ती त्यांच्या हातातून घेतली, कप्प्यातून बरोबर गोळ्या काढल्या आणि गिऱ्हाइकाला दिल्या.

मला बघताच त्यांचा चेहरा उतरला. "बाईंची मान कशी आहे?" त्यांनी विचारलं. मलमाचे पैसे घ्यायला तयार होईनात. "त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते मी विसरणार नाही. माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली."

"कसली चूक?" मी विचारलं.

"अपघाताची."

"वहिनी, गाडी उभी होती. मागून येऊन आदळला तो."

त्या कपाटाच्या काचेवरून फडकं फिरवत राहिल्या. "असं सगळे म्हणतात. पण माझं काहीतरी चुकलंच असणार. लवकर थांबले असेन, नाहीतर एकदम थांबले असेन. मला कुठे कळतं त्यातलं? पण बाईंना कळतं ना. माझी चूक नसती तर पोलिसाला त्यांनी 'मी चालवत होते' असं का सांगितलं असतं? उलट म्हणाल्या असत्या, या चालवत होत्या, बघा किती नीट थांबल्या. माणूस चूकच अंगावर घेतं ना? चांगलं कुणी झाकून ठेवतं का?"

मी, जिच्या तोंडाची सासऱ्यांनी पारख केली होती, ती मी गप्प उभी राहिले.

"म्हणून बंद केलं," वहिनी म्हणाल्या. "उभी गाडी जिला सांभाळता येत नाही तिने कशाला कुणाचा जीव घ्यावा? हे चालवतात. मी शेजारी बसून सांगते, आता डावीकडे माणूस आहे, आता सिग्नल लाल आहे." हे सांगताना त्या हसल्या, पण ते हसणं मला बघवलं नाही. त्यांचा नवरा पलीकडे खोके लावत होता आणि त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

विम्याचं मी काही बोललेच नाही. मलम घेऊन तशीच परत आले.

घरी आल्यावर जाऊबाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं. मधे एकदाही थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढे बोलवलं नसतं. ऐकता ऐकता त्या बाकावर बसल्या. मलमाची डबी त्यांनी नुसतीच हातात धरून ठेवली.

"मी तिला वाचवत होते," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"बाबा असंच करायचे."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "नाही, जाऊबाई. बाबा शेजाऱ्यांना म्हणाले होते, मी ठोकली. पण घरात आल्यावर त्यांनी मला असं झापलं होतं की विचारू नका. तुझा पाय कुठे होता, तू आरसा का नाही पाहिलास, आणि हो, वळण तू छान घेतलंस, हेही सांगितलं होतं. बाहेर ते 'मी' म्हणायचे. आत आल्यावर जे ज्याचं ते त्याला देऊन टाकायचे. वहिनींना तुम्ही काहीच दिलं नाहीत. 'छान' म्हणायचंही राहून गेलं."

त्यांनी डोळे पुसले, उघडपणे, पदराने. "चल," म्हणाल्या आणि चपला घातल्या.

दुकान बंद व्हायची वेळ झाली होती. औषधवाल्यांनी अर्धं शटर खाली ओढलं होतं. आम्ही वाकून आत गेलो. जाऊबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "वहिनी," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी गाडी तुम्ही चालवत होतात आणि तुमची काडीचीही चूक नव्हती. इतकं सुरेख थांबलेलं मी फार कमी जणांना पाहिलं आहे. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

वहिनी कसनुसं हसल्या. "तुम्ही असंच म्हणणार, बाई. तुमचा स्वभावच तो."

जाऊबाईंचा चेहरा मी विसरणार नाही. खरं बोलत होत्या आणि त्यांच्या खऱ्यावर आता विश्वास नव्हता. चांगुलपणाची ही अशी पंचाईत मी पहिल्यांदाच पाहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग विम्याची सगळी कथा मीच सांगितली. वहिनी ऐकून उभ्याच राहिल्या. "माझ्यामुळे स्कूल बंद होतंय आणि तुम्ही मला सांगितलंही नाहीत?" त्या चिडल्या. त्यांना चिडलेलं पाहून मला बरं वाटलं. "लावा फोन. आत्ता लावा."

फोन गल्ल्याजवळ ठेवला, स्पीकर चालू केला. बासरी वाजली. चौघंही ऐकत उभे. मग त्या थकलेल्या आवाजाच्या मॅडम आल्या, आणि जबाब सुरू झाला. नाव, वय, शिकाऊ परवान्याचा नंबर. मग तो प्रश्न.

"गाडी कोण चालवत होतं?"

वहिनींनी जाऊबाईंकडे पाहिलं. जाऊबाई वळून टूथपेस्टच्या रांगेकडे बघत उभ्या होत्या.

"मी," वहिनी म्हणाल्या.

"गाडीचा वेग काय होता?"

"वेग... वेग नव्हता. उभी होती."

"ब्रेक दाबलेला होता का?"

"हो."

"कुणी दाबला होता? तुम्ही की शिकवणाऱ्यांनी?"

वहिनी अडखळल्या. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं; इतके दिवस त्यांना वाटत होतं की आपला ब्रेक कमी पडला आणि बाईंनी दाबला असेल. तेव्हा जाऊबाई पहिल्यांदाच मधे बोलल्या. फोनकडे वाकून, एकेक शब्द सुटा करून. "मी शिकवणारी बोलते आहे. माझे दोन्ही पाय मागे होते. माझ्या पेडलला माझा पाय लागलेला नव्हता. गाडी पूर्णपणे याच चालवत होत्या."

आमच्या घरात हे वाक्य याआधी कुणी उच्चारलं नसेल. पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला.

"ठीक आहे. एक शेवटचा प्रश्न आहे मॅडम, प्रत्येकाला विचारावाच लागतो. हा अपघात टाळण्यासाठी तुम्ही काय करू शकला असता?"

वहिनी विचार करू लागल्या. अगदी खरा विचार. त्यांच्या डोळ्यांपुढे तो सिग्नल, तो पट्टा, आरसा, सगळं येत होतं हे आम्हाला दिसत होतं. औषधवाले हातात कुलूप धरून थांबले. मला वाटलं, संपलं, आता या म्हणणार की मी लवकर थांबले.

"पुढे गेले असते तर सिग्नल मोडला असता," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "बाजूला घ्यायला जागा नव्हती. डावीकडे स्कूटर होती, उजवीकडे बस." पुन्हा थांबल्या. "काही नाही."

"जरा मोठ्याने बोला मॅडम, रेकॉर्ड होतंय."

"काही नाही!" वहिनी ओरडल्याच. "मी काहीच करू शकले नसते! काहीच नाही!" आणि गल्ल्यावर हात टेकून त्या ढसाढसा रडायला लागल्या.

आम्ही समजूत घालून थकलो, जाऊबाईंनी माफी मागितली, त्याने जे झालं नाही ते एका कंपनीच्या ठरावीक प्रश्नाने झालं. त्या कंपनीबद्दल माझं मत तसूभरही बदललेलं नाही. पण जे झालं ते झालं.

"नोंदवून घेतलं," मॅडम म्हणाल्या. त्यांचाही आवाज किंचित हलला होता, की मला तसं वाटलं. "पॉलिसी रिन्यू होईल. हप्ता वाढीवच राहील मॅडम, अपघाताची नोंद आहे ना." मी तोंड उघडलं, जाऊबाईंनी माझा दंड इतक्या जोरात धरला की मिटावंच लागलं. "आमच्या सेवेला एक ते पाच यांपैकी किती गुण द्याल?"

"पाच," वहिनी नाक पुसत म्हणाल्या.

पाच! माझ्या मनात जो आकडा होता तो मोजायला कंपनीकडे पट्टीच नसेल. पण मी मूग गिळून गप्प बसले.

औषधवाल्यांनी दिवे घालवले, आम्ही वाकून बाहेर आलो, त्यांनी शटर ओढून कुलूप लावलं. संध्याकाळ मावळत आली होती. रोजच्या सवयीने ते किल्ली काढून गाडीच्या चालकाच्या बाजूला गेले आणि दाराचं भोक बोटाने चाचपू लागले. वहिनी त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"द्या इकडे," त्या म्हणाल्या. "तुम्ही पलीकडून बसा. आणि बाई, तुम्ही दोघी मागे बसा, घरी सोडते."